चिलखताचे पैसे कोण देतं?

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. कुणा एकाशी नाही, एका सवयीशी. नाईट लोकांचा रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांची एक जमात असते. गेली काही वर्षं मी या जमातीत वावरतो आहे. इथल्या लोकांना तलवारीची लांबी, चिलखताच्या कड्या, भाल्याचं वजन, सगळं तोंडपाठ असतं. पण "बाबा रे, हे चिलखत तुला परवडलं कसं?" असं विचारा. मुंजीला जेवायला जाऊन यजमानाला खर्च विचारावा, तशी नजर समोरून येते.

माझं म्हणणं सरळ आहे. नाईटचा खेळ खेळायचा असेल तर मध्ययुगाच्या सामाजिक इतिहासाची पुस्तकं वाचायला हवीत. राजांची नाहीत, शस्त्रांची नाहीत. शेतसारा, लग्नं, वारसा, दळण, बैल आणि कर्ज यांची. ती वाचली नाहीत तर आपण जो खेळतो तो नाईट नसतोच. तो नुसता एक तलवारवाला माणूस असतो, आणि तसे तर सगळ्याच खेळांत असतात.

घरची मंडळीही इथे डोकावतात, तेव्हा आत्या, काका, तुमच्यासाठी थोडक्यात. हा पत्त्यांसारखा किंवा बुद्धिबळासारखा खेळ नव्हे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण मास्तर होतो. मास्तर प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. बस, एवढंच. नाटकाची तालीम आणि ल्युडो यांच्या मधलं काहीतरी समजा.

आता या खेळांचं मूळ बघा, म्हणजे रोग कुठून आला ते कळेल. १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. त्याच्याआधी १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाची नियमावली आली होती. ती होती छोटे पुतळे मांडून मध्ययुगीन लढाया खेळण्याची. म्हणजे आपल्या या छंदाचा जन्मच रणांगणावर झाला. तिथे नाईट म्हणजे अमुक इतका मारा, अमुक इतकं संरक्षण. तो कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाचा देणेकरी, याला पटावर जागाच नव्हती. पुढे पात्रांना नावं आली, स्वभाव आले, पण हिशोब तोच राहिला: मारा, लुटा, मोठे व्हा.

१९८५ साली ग्रेग स्टॅफर्डने 'पेंड्रॅगन' काढला आणि हा हिशोब बदलला. राजा आर्थरच्या काळातला हा खेळ. त्यात पात्राला स्वभावाच्या तेरा जोड्या असतात: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, विनयी आणि गर्विष्ठ वगैरे. एक बाजू वाढली की दुसरी तितकीच कमी होते. साहस संपलं की हिवाळा येतो. त्या हिवाळ्यात पीक कसं आलं, घोडा जगला का, बायकोला मूल झालं का, आपण किती म्हातारे झालो, हे सगळं फाशांवर ठरतं. आपला नाईट मेला तर त्याचा मुलगा घेऊन पुढे खेळायचं. माझ्या मते या छंदात झालेल्या सगळ्यात शहाण्या गोष्टींपैकी ही एक आहे.

आणि आपली मंडळी काय करतात? हिवाळा पाच मिनिटांत उरकतात! "टाक रे फासे, मूल झालं, घोडा मेला, चला पुढच्या ड्रॅगनकडे." म्हणजे लेखकाने ज्या खोलीत सगळा ऐवज ठेवला, तिला हे अडगळीची खोली समजतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं. "आम्ही मजा करायला येतो, इतिहासाच्या तासाला नाही." ठीक. मलाही तास नको आहे. पण मजा म्हणजे काय हो? ज्या निर्णयात काही गमवायचं असतं, त्यातच मजा असते ना? तोच ड्रॅगन तिसऱ्यांदा मारताना काय गमवायचं असतं? फार तर जीव. आणि जीव गेला तर नवीन पात्र दहा मिनिटांत तयार होतं.

याउलट हे बघा. फ्रान्सिस आणि जोसेफ गीज या नवराबायकोने सामान्य वाचकासाठी मध्ययुगावर बरीच पुस्तकं लिहिली. १९७४ चं किल्ल्यातल्या जीवनावरचं, १९९० चं खेड्यातल्या जीवनावरचं. खेड्याच्या पुस्तकात त्यांनी इंग्लंडमधलं एल्टन हे गाव घेतलंय. हे गाव रॅम्सीच्या मठाचं. तिथल्या जमाखर्चाच्या आणि गावकोर्टाच्या नोंदी टिकल्या, म्हणून आपल्याला कळतं की कोण कामावर आलं नाही, कुणी कुणाच्या शेतात जनावर सोडलं, बिअर गाळणाऱ्या कुठल्या बाईला दंड झाला. त्या काळी बांधील कुळाला आठवड्यातले काही दिवस धन्याच्या शेतात फुकट राबावं लागे. मुलीचं लग्न करायचं तर धन्याला पैसे भरावे लागत. आणि कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर धन्याचं होई. या शेवटच्या हक्काला हेरियट म्हणतात.

आता हेच टेबलावर आणू. तुमचा नाईट उन्हाळाभर आर्थरसाठी लढून घरी येतो. कारभारी सांगतो, "सरकार, नदीकाठचा तो म्हातारा गेला. बैल तुमचा झाला, गोठ्यात बांधू का?" बैल खरोखरच तुमचा आहे. कायदा तुमच्या बाजूने आहे, रीत तुमच्या बाजूने आहे. पण नांगरणी तोंडावर आलीय. नांगराला बरेच बैल लागतात, म्हणून शेजारीपाजारी आपापले बैल एकत्र करून नांगर चालवतात. म्हणजे हा एक बैल काढला तर नुसतं म्हाताऱ्याच्या विधवेचं नाही, तीन-चार घरांचं शेत अडणार. आणि तुमचा घोडा गेल्या लढाईत मेलाय. नवा घ्यायचाय. तो घेतला नाही तर वसंतात तुम्ही धन्यासमोर पायी उभे राहणार.

सांगा, काय करता? उदार व्हायचं की स्वार्थी? आणि उदार झालात तर शेजारच्या गावचा नाईट, ज्याने कालच असाच एक बैल ओढून नेला, तो तुमच्याबद्दल काय बोलेल? आमच्या टोळक्यात या एका बैलावर पाऊण तास घालवलाय आम्ही. आवाज चढले. एकही तलवार उपसली नाही, आणि तरी त्या रात्रीचं बोलणं अजून निघतं. आणि हा प्रसंग मला सुचलेला नाही बरं का. पुस्तकात सापडला. जिथे खऱ्या माणसांना खरोखर अडचण झाली होती, तिथून आलेला प्रसंग सहसा फुसका निघत नाही.

आता दुसरा पक्ष. हे म्हणतात, "अरे, नाईटच्या गोष्टीत बैल आणि पैसे कशाला? शौर्य, सन्मान, प्रेम यांची गोष्ट आहे ती." यांच्यासाठी एकच माणूस पुरे आहे. विल्यम मार्शल. जन्म ११४७ च्या सुमाराचा, मृत्यू १२१९. धाकट्या घरातला, जमीन नसलेला मुलगा. पुढे इंग्लंडचा राजप्रतिनिधी झाला. त्याच्या मृत्यूनंतर मुलाने त्याचं चरित्र पद्यात लिहवून घेतलं, ते एकोणीस हजारांहून जास्त ओळींचं आहे. फ्रेंच इतिहासकार जॉर्ज ड्युबीने १९८४ साली त्यावर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. नाईट म्हणजे काय हे कळायला त्याहून चांगलं पुस्तक मला तरी माहीत नाही.

काय आहे त्यात? तरुण विल्यम पहिल्या मोठ्या लढाईत खूप शौर्याने लढतो आणि स्वतःचा घोडा गमावून बसतो. ना कैदी पकडले, ना घोडे. मेजवानीत लोक त्याची थट्टा करतात, कारण शौर्य दाखवून हा रिकाम्या हाताने आला. मग त्याला अंगावरचा झगा विकून तट्टू घ्यावं लागतं. पुढे हाच विल्यम एका साथीदाराबरोबर भागीदारी करतो. दोघं मिळून टुर्नामेंटमध्ये नाईट पकडायचे आणि खंडणी निम्मी निम्मी वाटून घ्यायचे. वर्षभराच्या आत १०३ नाईट पकडले. हा आकडा आपल्याला का माहीत आहे? कारण राजपुत्राच्या स्वयंपाकघराचा हिशोब ठेवणाऱ्या कारकुनाने तो लिहून ठेवला! शौर्यगाथेच्या मधोमध एक कारकून वही घेऊन बसलाय. मला तर हे चित्र कुठल्याही ड्रॅगनपेक्षा जास्त आवडतं.

पण म्हणून विल्यम लोभी ठरतो का? तर नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. मरणशय्येवर असताना एक पाद्री सुचवतो की घरात सणासाठी आणलेले उंची झगे आहेत, ते विकून दानधर्म करा, आत्म्याला शांती मिळेल. विल्यम त्याच्यावर उखडतो. ते झगे त्याच्या पदरच्या नाईट लोकांचे होते. दरवर्षी द्यायचे ते या वर्षीही द्यायचे, मग आत्म्याचं काय व्हायचं ते होवो. ज्याने तरुणपणी पोटासाठी झगा विकला, त्याने मरताना दुसऱ्यांचे झगे विकू दिले नाहीत. सन्मान वगैरे म्हणतात तो हाच. आणि तो कळायला आधी झग्याची किंमत कळावी लागते. पैसा बाजूला काढलात, की सन्मान हा नुसता शब्द उरतो.

आणखी एक गोष्ट. आपल्या खेळात नाईट होणं हे बक्षीस असतं. गुडघे टेकले, खांद्यावर तलवार टेकवली, टाळ्या. प्रत्यक्षात तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये लोक नाईट व्हायचं टाळत होते, कारण परवडत नव्हतं. १२७८ साली पहिल्या एडवर्डने फर्मान काढलं की ज्याच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला २० पौंड आहे त्याने नाईट व्हायलाच पाहिजे. त्याच राजाच्या सैन्यात नाईटला दिवसाला २ शिलिंग मिळत आणि पायदळातल्या तिरंदाजाला २ पेनी. शिलिंगमध्ये १२ पेनी, म्हणजे बारापट फरक. आणि ते २० पौंड? तिरंदाजाच्या रोजाने मोजले तर २४०० दिवसांची मजुरी, साडेसहा वर्षांहून जास्त. चिलखताचे पैसे कोण देतं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. एल्टनसारख्या गावांतली माणसं देत होती. खेळात ती कधी दिसतात का? दिसली तर ड्रॅगनने जाळलेल्या झोपडीबाहेर रडताना. नाईट येतो, सूड घेतो, निघून जातो. त्याच माणसांनी त्याचा घोडा पोसलाय हे कुणी सांगत नाही.

मला हे नुसतं खेळातलं न्यून वाटत नाही. आपण महिनोन् महिने एखादी सत्ता खेळायची आणि तिचा भार कुणाच्या पाठीवर आहे हे एकदाही बघायचं नाही, ही मनाला लागणारी सवय आहे. आपल्याकडे ती परकी नाही. गड आणि तलवारी यांवर आपण तासन् तास बोलतो. पण त्या गडाचं धान्य कुठल्या गावातून कुणाच्या डोक्यावरून चढलं, हे किती जण विचारतात? त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा, बलुतेदारांपासून वतनदारांपर्यंत गाव कसं चालतं ते सांगणारा. ऐतिहासिक कादंबऱ्यांनी भरलेल्या कपाटांत तो मला क्वचितच दिसतो. इंग्लंडचं मॅनर आणि आपलं गाव एकच नव्हे, उगाच जोड लावायला जाऊ नका. पण प्रश्न विचारायची सवय तीच आहे.

आता तिसरा पक्ष, आणि याच्याशी माझं सर्वांत कडाक्याचं भांडण आहे. हे म्हणतात, "आम्हीही वास्तववादीच आहोत." यांचं वास्तव म्हणजे चिखल, प्लेग आणि क्रौर्य. आणि टेबलावर एखादी मुलगी खेळायला आली, की यांना अचानक इतिहास आठवतो: "त्या काळी बायकांना काही करता येत नव्हतं, तू जादूगारीण हो." अहो, वाचलंय का कुठे? निकोला दे ला हे हे नाव ऐका. लिंकनच्या किल्ल्याची ती वारसदार. १२१६ मध्ये जॉन राजाने तिला लिंकनशायरची शेरीफ नेमलं. १२१७ साली बंडखोर आणि फ्रेंच यांनी वेढा घातला तेव्हा साठी उलटलेल्या या बाईने किल्ला सोडला नाही. तिची सुटका करायला फौज घेऊन कोण आलं? आपला विल्यम मार्शल, वय सुमारे सत्तर! ख्रिस्तीन द पिझान १४०५ मध्ये सरदारांच्या बायकांसाठी लिहिते, तेव्हा त्यांना जमिनीचा कारभार आणि किल्ल्याचं संरक्षण, दोन्ही समजलं पाहिजे म्हणून बजावते. नवरा दौऱ्यावर किंवा लढाईवर गेला की घर, शेत, कुळं, पहारे सगळं तीच बघणार. ज्याने ही पुस्तकं वाचलीत तो मुलीला "तू काही करू शकत नाहीस" म्हणणार नाही. तो विचारेल, "नवरा लढाईवर गेलाय, दारात सावकार उभा आहे आणि शेजारी कुरणावर हक्क सांगतोय. काय करतेस?"

वारसाचंही तसंच. पेंड्रॅगनमध्ये बाप मेला की मुलगा घ्यायचा, बरोबर. पण मुलगा नऊ वर्षांचा असेल तर? तो २१ वर्षांचा होईपर्यंत जमीन धन्याच्या ताब्यात. धनी ती दुसऱ्याला विकू शकतो, पोराच्या लग्नाचा हक्कही विकू शकतो. आई विधवा झाली तर तिला दुसऱ्या लग्नासाठी गळ घातली जाते, आणि ती टाळायला तिला पैसे मोजावे लागतात. १२१५ च्या मॅग्ना कार्टात यावर खास कलमं घालावी लागली, म्हणजे बोंबाबोंब केवढी असेल बघा. एका मृत्यूतून दहा रात्रींचा खेळ निघतो. आणि आपण काय करतो? कॅलेंडर बारा वर्षं पुढे सरकवतो!

"पण आर्थर खरा होता कुठे? दंतकथेला इतिहास कशाला?" हा शेवटचा आक्षेप. तर मंडळी, मॅलरीची आर्थरकथा १४८५ साली कॅक्सटनने छापली. त्यात जुन्यापुराण्या काळातले नाईट मॅलरीच्या शतकातल्या चिलखतांत वावरतात. स्टॅफर्डनेही आर्थरच्या एका राज्यकाळात कित्येक शतकं कोंबली. तेव्हा सनावळीची शुद्धता मला नकोच आहे. "तेव्हा बटाटे नव्हते" म्हणून खेळ थांबवणारा मास्तर मलाही डोकेदुखी वाटतो. पुस्तक वाचायचं ते खेळाडूची चूक काढायला नव्हे. त्याला अडचणीत टाकायला.

करायचं कसं? फार सोपं आहे. मास्तरने खेळाच्या आधी वीस पानं वाचावीत आणि त्यातून एकच देणं उचलावं. कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी देणं लागतं, आणि ते या वर्षी देणं कठीण आहे. उदाहरणार्थ, रीतीप्रमाणे धन्याची सेवा वर्षाला चाळीस दिवस. एकेचाळिसाव्या दिवशी वेढा अजून चालू आहे आणि घरी कापणी आलीय. व्याख्यान देऊ नका, सनावळ सांगू नका. कारभाऱ्याला दारात उभा करा आणि गप्प बसा. बाकीचं काम खेळाडू करतात.

आणि हो, ड्रॅगन ठेवा. ड्रॅगन मलाही आवडतो. फक्त त्याच्या अंगावर धावून जाणाऱ्याला एवढं माहीत असू द्या, की त्याच्या बुडाखालचा घोडा कुणाच्या बैलातून आलाय. मग तो मेला तर खरोखर काहीतरी जाईल, आणि जिंकला तर कुणाला तरी तोंड दाखवायला त्याला घरी परतावं लागेल.

असो. फार लांबलं. पटलं नाही तर भांडायला या, फक्त येताना एखादं पुस्तक वाचून या. :)